कूलंट गोड असतं

४ डिसेंबर

पोरी,

फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितोय. पत्ता मावशीने दिला. तिच्यावर चिडू नकोस, मी आठवडाभर तिच्या मागे हात धुऊन लागलो होतो. पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू ते न फोडताच टाकून देशील अशी धास्ती होती, म्हणून पत्ता पोस्टातल्या बाईंकडून घालून घेतला. एवढी लबाडी पोटात घाल.

काम असं आहे. गॅरेजच्या मागच्या अंगणात एक मांजर येऊन राहिलंय. रंगाने करडी, पोटाशी पांढरी, शेपटीला मधेच एक गाठ. रोज सकाळी मी शटर वर केलं की आत येते, एकेका गाडीचं चाक हुंगते, माझ्याकडे बघते आणि काहीतरी चूक सापडल्यासारखी मान फिरवून निघून जाते. मी तिला हवालदारीण म्हणतो. अंगाला हात लावू देत नाही.

थंडी यंदा लवकर आली आणि वाईट आली. तिच्यासाठी बाहेर ठेवलेलं पाणी माझा चहा पिऊन होईस्तोवर गोठतं. काल एका टॅक्सीचं बॉनेट उघडलं तर बाई आत बॅटरीवर बसलेल्या, इंजिनाच्या उबेला. टॅक्सीवाला आत बसून किल्ली फिरवायच्या बेतात होता. मी एवढ्या जोरात ओरडलो की तो दचकला आणि मांजर उडी मारून पळालं. टॅक्सीवाला म्हणाला, "अहो, मांजरच तर होतं."

तू प्राण्यांच्या दवाखान्यात कामाला आहेस असं मावशी म्हणाली. म्हणजे तुला माहीत असणार. अशा बाहेरच्या मांजराला थंडीत जगवायचं कसं? एवढंच विचारायचं होतं.

बाबा


१० डिसेंबर

पोरी,

उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल असं धरून पुन्हा लिहितो.

थंडी उणे चौदावर गेली. मी तिला लाकडी खोक्यात तुझी जुनी पिवळी गोधडी घालून दिली. ती त्यात एक दिवस बसली, दुसऱ्या दिवशी पाहतो तर गोधडी ओल धरून फळीसारखी कडक झालेली आणि बाई पुन्हा कुठल्यातरी गाडीखाली. तिच्या डाव्या कानाचं टोक काळं पडलंय. रस्त्यावर बर्फ वितळायला मीठ टाकतात, ते पायांना लागतं बहुतेक, कारण चालताना एकेक पंजा झटकते आणि चाटत बसते. ती काहीही चाटायला लागली की माझा जीव खालीवर होतो.

गल्लीत तसं सगळं ठीक. वाण्याने दुकानाला काचेचं दार बसवलं. मास्तरीणबाई निवृत्त झाल्या. टेलरकाका शेजारी आहेतच. परवा दोघंही एकाच वेळी आपापल्या दारातला बर्फ फावड्याने ओढत होतो. मधे दोन हात अंतर. त्यांनी वर पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही. त्यांची बायको, तुझ्या काकू, फेब्रुवारीत गेल्या, हे मावशीने कळवलं असेल. पोचवायला गल्लीतून चार माणसं आली होती.

मी त्या चारांत नव्हतो. शटर अर्धं खाली ओढून आत उभा होतो.

तू जाताना मला भित्रा म्हणालीस. "तुमच्या डोळ्यांदेखत त्या माणसाने आपला कुत्रा मारला आणि तुमच्या तोंडून शब्द फुटत नाही," असं म्हणालीस. मी तेव्हाही काही बोललो नाही. त्याबद्दल आज लिहायला बसलेलो नाही. मांजराचं काय करू ते सांग.

बाबा


१६ डिसेंबर

पोरी,

तुझी चिठ्ठी मिळाली. वर माझं नाव नाही, खाली तुझं नाही, पण अक्षर तुझंच. र अजून तसाच काढतेस, पाय मुडपलेला.

सगळं तसंच केलं. गोधडी काढली, पेंढा आणला. थर्मोकोलच्या पेटीत प्लास्टिकची पेटी बसवली, मधल्या फटीतही पेंढा ठासला. वीतभर भोक पाडलं, वाऱ्याच्या उलट बाजूला. खाली चार विटा दिल्या. पाणी खोलगट भांड्यात, दिवसातून चारदा कोमट करून ओततो. खाणं दुप्पट केलं. तिचे पंजे कोमट फडक्याने पुसायचे म्हणतेस, ते मात्र तूच येऊन करून दाखव, मला डोळे शाबूत हवे आहेत. आणि गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा. आता गॅरेजात येणारा प्रत्येक जण थापा मारतो, मी मारायलाच लावतो. पाववाला तर म्हणतो, तुमच्याकडे गाडी आणली की आधी तिची पाठ थोपटावी लागते.

हवालदारीण पेटीत झोपते. भोकातून फक्त नाक दिसतं. मी खिडकीतून कितीदा बघतो ते सांगितलं तर हसशील.

पण तू शेवटी एक ओळ लिहिलीस. "कूलंट सांडलं तर लगेच पुसा, गोड असतं, प्राणी चाटतात, थोडंसंही पुरतं."

ही ओळ तू सगळ्यांनाच लिहून देतेस का? दवाखान्यात छापील कागद असतो, त्यावर असते का ती? की मलाच लिहिलीस?

मी ती चिठ्ठी पाकिटात घातली, पुन्हा काढली. कामावर शर्टाच्या खिशात घेऊन गेलो. पाववाल्याला दाखवून विचारलं, "यात काही वेगळं वाटतं का तुम्हाला?" तो म्हणाला, "यात काय वेगळं, पोरगी काळजीने लिहितेय." त्याला काय कळणार.

मी गेली तीन वर्षं रेडिएटरमधल्या कूलंटचा थेंब जमिनीवर पडू दिलेला नाही. लाकडाचा भुसा टाकतो, भुसा झाडतो, वर साबणाचं पाणी, पुन्हा फडकं. बघणारे म्हणतात, म्हाताऱ्याला वेड लागलंय. तू तेवढं मनात धर.

बाबा


२१ डिसेंबर

पोरी,

घाईत लिहितोय. हवालदारीण आजारी आहे. सकाळी तिने बाहेर कुठेतरी काहीतरी खाल्लं. काय ते कळत नाही, गल्लीत लोक काहीही टाकतात. मी लगेच दवाखान्यात नेली. तिथल्या डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. ठेवून घेतलंय. वाचेल की नाही ते उद्यापरवा कळेल म्हणाल्या.

तुझ्या सांगण्यात काही कमी नव्हतं. एवढंच कळवायचं होतं.

बाबा


२२ डिसेंबर

पोरी,

कालचं पत्र पेटीत टाकून आलो आणि रात्रभर पाठ टेकवली नाही. सकाळी पोस्ट उघडायच्या आधी दारात उभा होतो, परत मिळतं का बघायला. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, थैली गेली. म्हणजे ते तुझ्या हातात आधी पडणार आणि हे नंतर. ते खोटं आहे. आता लिहितो ते वाच. मधेच फाडू नकोस, फाडायचं तर शेवटपर्यंत वाचून फाड.

काल साडेनऊला पाववाल्याच्या गाडीचा रेडिएटर उतरवला. खालचा होस पाइप थंडीने तडकला होता. कूलंट ट्रेमध्ये काढून घेतलं, हिरवंगार, तीनेक लिटर. ट्रे फळीवर उचलून ठेवायचा, हा माझा नेम. तेवढ्यात पाववाल्याने बाहेरून हाक मारली, क्लिप कुठली लागेल विचारायला. मी शटरपाशी गेलो. त्याच्याशी बोललो, हसलोसुद्धा. पाच मिनिटं असतील. वळलो तर हवालदारीण ट्रेच्या काठावर पुढचे दोन पाय ठेवून वाकलेली. जीभ चालू होती. मला बघून तिने मान वर केली, मिशांवर हिरवे थेंब.

मी तिला हाकललं. ट्रे उचलून ठेवला. भुसा टाकला. फडक्याने पुसलं. पाववाला निघून गेला. आणि मग मी स्टुलावर बसलो.

तुला काल लिहिलं की लगेच दवाखान्यात नेली. लगेच नाही नेली. अर्धा तास बसून राहिलो. मनात एकच चाललं होतं, थोडंसंच प्यायली असेल, मांजरांना नऊ जन्म असतात म्हणे, आणि दवाखान्यात गेलो तर विचारतील काय प्यायली, कुठे प्यायली, आणि मग तुझ्यापर्यंत जाईल. अर्धा तास, पोरी. ती पेट्रोलच्या डब्यांपाशी बसली होती. उठली तेव्हा मागचे पाय वेगळेच कुठे पडत होते. भिंतीला धडकली. मी जवळ गेलो, उचलली. कधी हात न लावू देणारं जनावर माझ्या छातीशी पडून राहिलं. मी गार पडलो.

असंच चालताना मी आधी पाहिलं होतं म्हणून.

गॅरेजात चालती गाडी एक नाही. पाववाल्याची उघडलेली, माझी गाडी बर्फाखाली, बॅटरी मेलेली. टॅक्सीवाल्याने फोन उचलला नाही. गल्लीत दिवसा घरी गाडी असते ती एकाच माणसाकडे.

मी टेलरकाकांचं दार वाजवलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी उघडलं, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. टाचण्या एकेक काढून हातावर ठेवल्या आणि म्हणाले, "काय?"

"मांजर मरतंय. गाडी लागते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मांजराकडे पाहिलं. मशीनवर एक जाड लोकरीचा कोट पडला होता, अर्धा उसवलेला. तो उचलून माझ्यापुढे धरला. "यात गुंडाळा. गिऱ्हाइकाचा आहे, असू दे." किल्ली घेतली. गाडीपाशी गेल्यावर आधी बॉनेटवर दोन थापा मारल्या. मला वाटलं होतं, हे फक्त माझ्याच गॅरेजात चालतं.

रस्त्यावर बर्फ, गाडी घसरत होती. ते काही बोलले नाहीत. एका वळणावर फक्त म्हणाले, "तिचं डोकं वर धरा."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला टेबलावर घेतलं. डोळ्यांत उजेड टाकला, हिरड्या दाबून बघितल्या. "काय खाल्लंय?"

मी म्हणालो, "माहीत नाही."

हे शब्द माझ्या तोंडून आपोआप आले. तीन वर्षं तेच म्हणत आलोय.

त्या म्हणाल्या, "बघा, अशी दारू प्यायल्यासारखी चाल खूप कशानेही होते. कूलंट असेल तर त्याला उतारा आहे. सलाईनमधून अल्कोहोल द्यावं लागतं, तेही तासाभरात दिलं तरच उपयोग. पण नुसत्या अंदाजावर मी ते देणार नाही, ते स्वतःच जड जातं. रक्त तपासायला पाठवलं तर दुपार होईल. तुम्हाला काहीच माहीत नाही का?"

टेलरकाका माझ्या मागे उभे होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मांजराने टेबलावर उलटी केली. मी त्या उलटीकडे बघत होतो आणि मला एवढी भीती वाटत होती की खरंच सांगतो, पळून जावं असं वाटलं. दार चार पावलांवर होतं.

"कूलंट," मी म्हणालो. "माझ्या गॅरेजातलं. ट्रेमधून. पाऊण तास झाला."

"नक्की?"

"पिताना पाहिलंय."

"आणि एवढा वेळ?" त्या एकदम वर बघत म्हणाल्या, पण हात थांबले नाहीत, सुई काढायला लागल्या होत्या. "ही लक्षणं ओळखलीत कशी?"

"आधी पाहिलीत. कुत्र्याला झाली होती. माझ्याच गॅरेजात."

टेलरकाका मागेच होते. मी वळून पाहिलं नाही.

आता आपल्या कुत्र्याचं, भोपळ्याचं सांगतो.

त्या हिवाळ्यात मी एका टेम्पोचा रेडिएटर मागच्या अंगणात मोकळा केला. पाइप निसटला, सगळं अंगणात पसरलं. मी बादलीभर पाणी मारलं आणि म्हटलं, बर्फात जाईल मुरून. भुसा आणायला वर जायचा कंटाळा केला. एवढंच. जिना चढायचा कंटाळा. तासाभराने भोपळ्या आत आला, दाढीवर हिरवं. झोकांड्या खात होता. मी हसलो गं. "काय रे, दारू पिऊन आलास काय," म्हणालो. फडकं घेतलं आणि त्याची दाढी पुसून काढली. त्याने माझा हात चाटला.

तेव्हा मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो बरा वाटला, तू त्याला फिरवून आणलंस. तिसऱ्या दिवशी त्याने मुतणं बंद केलं. म्हाताऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की विषच आहे, कोणीतरी काहीतरी घातलंय. तू तिथूनच सरळ टेलरकाकांच्या दारात गेलीस. त्या आठवड्यात भोपळ्याने त्यांच्या गिऱ्हाइकाची पँट फाडली होती आणि ते गल्लीत सगळ्यांदेखत म्हणाले होते, "या कुत्र्याचं एक दिवस काहीतरी करतो." तू ओरडत होतीस, माणसं जमली, काकू दारात येऊन हात जोडत होत्या. त्याच वेळी मला ते हिरवं आठवलं. माझ्या खिशात ते फडकं होतं. तसंच, घडी केलेलं.

मी म्हटलं, उद्या सांगू. तू जरा शांत झालीस की सांगू. मग कोणीतरी त्यांच्या पाटीला डांबर फासलं. मग लोकांनी त्यांच्याकडे कपडे टाकायचं सोडलं. मग तू मला भित्रा म्हणालीस आणि गेलीस. प्रत्येक दिवशी सांगणं आदल्या दिवसापेक्षा अवघड होत गेलं. काकू गेल्या त्या दिवशी तर मला वाटलं, आता सांगायचं राहिलंच नाही, आता फक्त लपायचं.

तू बरोबर ओळखलं होतंस की मी भित्रा आहे. कशाला भितो ते तेवढं चुकलं होतं.

बाबा


२६ डिसेंबर

पोरी,

हवालदारीण जिवंत आहे. चार दिवस सलाईनवर होती. मूत्रपिंडाला मार बसलाय, किती ते अजून सांगता येत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यापुढे एकाच गोष्टीवर नजर ठेवा, ती लघवी करते का. जोवर करते तोवर ठीक. थांबली तर लगेच आणा, अर्धा तासही बसून राहू नका. हे म्हणताना त्या माझ्याकडे बघत होत्या.

टेलरकाकांचं लिहायचं राहिलं.

त्या दिवशी परत येताना त्यांनी गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबवली आणि इंजिन बंद केलं. दोघंही समोर बघत बसलो. काच आतून धुरकट झाली. मी म्हणालो, "मी काय बोलू?"

ते म्हणाले, "ती हे ऐकायला नाही."

मी बाहीने काच पुसली.

"शेवटचे दोन महिने ती मला विचारायची, खरं सांगा, तुम्ही काही घातलं नव्हतं ना. माझी बायको, मला. चाळीस वर्षांची बायको. मी नाही म्हणायचो आणि ती मान हलवायची, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची."

मला वाटलं, आता हा माणूस मला मारेल, आणि मारलं तर बरं होईल. त्यांनी मारलं नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते, बोटाला शिवताना घालायचं अंगुस्तान अजून तसंच होतं.

"मी मुलीला लिहीन," मी म्हणालो. "सगळं."

"तिला लिहाल. ती दोनशे मैलांवर. आणि इथल्यांचं काय?"

"तुम्ही सांगाल तसं करतो."

"मी नाही सांगणार," ते म्हणाले. "मी तीन वर्षं सांगितलं, कोणी ऐकलं नाही. आता तुम्ही काय ते ठरवा." गाडीतून उतरले, कोट तेवढा मागून घेतला. उलटीने भरला होता. म्हणाले, धुऊन देतो गिऱ्हाइकाला.

मी घरी येऊन तुला ते खोटं पत्र लिहिलं आणि मग ठरवत बसलो. बसलो म्हणजे परत तोच अर्धा तास. मग उठलो, त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी. गल्लीत टेलरकाकांचं सोडून अकरा दारं आहेत. दुपारी दोन वाजता सुरुवात केली, कारण सकाळी तोंड धुताना आरशात बघितलं तर ओठ पांढरे पडले होते. रडायचं नाही, लांबण लावायची नाही, एवढंच घोकून गेलो. "तो कुत्रा माझ्या गॅरेजातलं कूलंट पिऊन मेला. मला तेव्हापासून माहीत होतं. टेलरकाकांनी काही केलं नव्हतं."

वाणी म्हणाला, "आता कशाला उकरून काढता?" टॅक्सीवाल्याच्या आईला नीट ऐकू येत नाही, तिला तीनदा ओरडून सांगावं लागलं, तिसऱ्यांदा शेजारच्या तीन खिडक्या उघडल्या. एकाने "आम्हाला वाटलंच होतं" म्हटलं. त्याच माणसाने पाटीला डांबर फासलं होतं, मला माहीत आहे. मास्तरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. म्हणाल्या, "मी तिच्याकडे जाणं सोडलं होतं हो. माझी किती वर्षांची मैत्रीण." आणि दार लावून घेतलं. मी पुढच्या दाराकडे गेलो.

बाराव्या दारात, म्हणजे टेलरकाकांच्या, जायचं धाडस झालं नाही. पण मशीनचा आवाज बंद होता. ते खिडकीत उभे होते. सगळी गल्ली दिसते त्या खिडकीतून.

तुझं उत्तर येईल असं मी धरलेलं नाही. पोस्टमन दिसला की मात्र शटरपाशी येऊन उभा राहतो.

बाबा


५ जानेवारी

पोरी,

हे पत्र तू मागितलंस म्हणून लिहितोय.

हवालदारीण पाच दिवसांपूर्वी घरी आली. आता गॅरेजात नाही, वर राहते, तुझ्या खोलीत, हीटरपाशी. कानाचं काळं टोक गळून पडलं, त्यामुळे चेहरा आणखीच रागीट दिसतो. तिला दिवसातून दोनदा औषध द्यायचं असतं आणि ते एकट्या माणसाचं काम नाही. पहिल्या दिवशी मी एकट्याने दिलं, ते थोडं तिच्या पोटात, थोडं पडद्यावर आणि बाकीचं माझ्या कोपरापर्यंतच्या ओरखड्यांत गेलं.

संध्याकाळी दार वाजलं. टेलरकाका. हातात जाड कॅनव्हासचे हातमोजे, घरी शिवलेले.

"मी मांजरासाठी आलोय," म्हणाले.

"हो," मी म्हणालो.

त्या दिवसापासून दोन्ही वेळा येतात. एक जण धरतो, एक जण पाजतो. बोलणं होतं ते "पाय धरा", "मान सोडा", "गिळलं बहुतेक" एवढंच. ते चहा घेत नाहीत. मी विचारत नाही.

काल सकाळी मी पाय धरून बसलो होतो आणि त्यांचा फोन वाजला. त्यांनी ड्रॉपर खाली ठेवला. "हो, मीच," म्हणाले. मग ऐकता ऐकता माझ्याकडे पाहिलं. मी त्या नजरेवरून ओळखलं. माझ्या हातातलं मांजरही ओळखल्यासारखं गप्प झालं, नाहीतर एरवी त्या वेळी ती ओरबाडल्याशिवाय सोडत नाही.

मला त्यांच्याच बाजूचं ऐकू आलं. तेवढंच लिहितो, म्हणजे तुला कळेल मला काय काय माहीत आहे.

"आधी रडणं थांबव. मला काही कळत नाहीये."

मग, "हो, तिला लागलं होतं. खोटं कशाला सांगू? शेवटपर्यंत लागून राहिलं होतं."

मग फोन दुसऱ्या कानाला लावला. ते खिडकीकडे तोंड करून उभे होते. "तुला जे कळलं त्यावर तू बोललीस. तुझा कुत्रा मेला होता. मी त्या वेळी तुझ्यावर चिडलो होतो, आता नाही. आता चिडायला दुसरा माणूस आहे."

मग म्हणाले, "आहे ना. इथेच आहे, मांजराचे पाय धरून बसलाय. देऊ?"

पोरी, त्या वेळी मला जी भीती वाटली तशी दवाखान्यातही वाटली नव्हती. तू हो म्हणशील याची वाटली, आणि नाही म्हणशील याचीही. मी हात पुसून पुढे करायला लागलो होतो. पाय सोडले म्हणून मांजराने संधी साधली आणि माझ्या अंगठ्याचा लचका तोडला.

"बरं," ते म्हणाले. "बरं. विचारतो." आणि फोन ठेवला.

"बोलायचं नाही म्हणाली," त्यांनी सांगितलं. "एवढ्यात नाही."

मी मान हलवली. अंगठ्यातून रक्त येत होतं, ते दाबून धरलं.

"एक विचारलंय," ते म्हणाले. "मांजर लघवी करते का. दिवसातून किती वेळा, आणि रंग कसा."

"करते," मी म्हणालो, "सांगा ना तिला, करते."

"मला नाही सांगायचं. तुम्ही लिहून कळवा म्हणाली. आणि खरं तेच लिहा म्हणाली."

तर खरं ते असं. काल चार वेळा. आज सकाळपासून दोनदा, पैकी एकदा तुझ्या चपलेत, जी पलंगाखाली राहिली होती. रंग फिकट पिवळा. रक्त नाही. दोन्ही वेळा मी स्वतः बघितलं, गुडघ्यांवर बसून, टॉर्च लावून.

बाबा